अ‍ॅव्होकाडोच्या दोन पिशव्या

मी भंडाऱ्यात ज्या प्रयोगशाळेत काम करते ती मुळात तांदळासाठी उभी राहिली. धानाला आणि तांदळाला कीड लागू नये म्हणून पोत्यांच्या थप्पीत गोळ्या ठेवतात. हवेतल्या ओलाव्याने गोळीतून विषारी वायू सुटतो, कीड मरते आणि नंतर वारा लागला की वायू उडून जातो. सगळा जात नाही. जो उरतो तो किती, हे मोजणं माझं काम. परदेशातून येणाऱ्या फळांनाही निघण्याआधी अशीच धुरी देतात, कधी कधी त्याच वायूची. म्हणून अलीकडे तांदळाच्या जोडीला आमच्याकडे बाहेरची फळंही तपासायला येतात. यंत्र तेच, पद्धत थोडी वेगळी.

अहवालावर सही माझी असते. माझ्या सहीने माल दुकानात जातो किंवा जात नाही. याची भीती पहिल्या वर्षी वाटायची, मग मी याद्या करायला लागले आणि भीती कमी झाली. नमुना आणण्याची यादी, यंत्र सुरू करण्याची यादी, अहवाल पाठवण्याआधीची यादी. एकेका कलमावर खूण केली की मन मोकळं व्हायचं. गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझा असा समज होता की खुणा पूर्ण झाल्या म्हणजे काम बरोबर झालं.

सिहोऱ्याच्या बाजूला एका धानवाल्या घरातल्या भाऊंनी शेताच्या कडेला शीतखोली बांधली होती. घर पिढ्यान्‌पिढ्या धानाचं, गोदामही धानाचंच, पण यांच्या डोक्यात फळं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी आफ्रिकेतून आलेल्या अ‍ॅव्होकाडोची पहिली गाडी मागवली. नागपूरचा खरेदीदार म्हणाला, धुरीच्या औषधाचा अंश तपासून द्या, मगच माल उचलतो. भाऊंनी आम्हाला फोन केला. सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन निघाले.

यादीत अकरा कलमं होती. वेगवेगळ्या पेट्यांतून फळं घेणे, दोन पिशव्या भरणे, एक तपासणीची आणि एक राखीव, दोन्हींना सील, दोन्हींवर भाऊंची आणि माझी सही, बर्फाची पेटी, तारीख, वेळ, वगैरे. राखीव पिशवी वाद झाला तरच उघडायची असते. भाऊ मागे उभे राहून वाचत होते.

"मॅडम, किराण्याची यादी वाटते ही."

"किराणाच आहे. फक्त पैसे तुम्ही देता आणि सामान मी नेते."

"अन् खाते कोणीच नाही," त्यांच्या बायको दारातून म्हणाल्या. मी त्यांना वहिनी म्हणू लागले होते. "आमच्या घरी कोणी तोंड नाही लावून राहिलं याले. ना गोड, ना आंबट. मीठ-तिखट लावून दिलं यायले, तर म्हणते, साबण खाल्ल्यासारखं वाटते."

"लोणी म्हटलं होतं मी," भाऊ म्हणाले.

"आधी साबण म्हटलं. मी रागावली, मंग लोणी म्हटलं."

राखीव पिशवी मी शीतखोलीतच भरली आणि तिथंच सील केली. तोवर बोटं इतकी गारठली की पेन धरवेना. दुसरी पिशवी भरायला मी फळं अंगणात आणली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. गोदामाच्या ओट्यावर बसून मी एकेक फळ मोजून पिशवीत टाकत होते. फळं दगडासारखी टणक, एकमेकांवर आपटून टकटक वाजत होती. वहिनींना ते पाहवलं नाही. त्या गोदामात गेल्या आणि तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, मोठी मूठ घेऊन आल्या.

"रस्ता खराब आहे, मॅडम. दबून जातीन."

मी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं. त्यांनी फळांच्या मधे मधे तणस खोचलं, वरून एक थर दिला, हाताने हलकं दाबलं. माझं माहेर मोहाडीकडचं. आमच्या घरी आंबा तणसाशिवाय कधी घराबाहेर गेला नाही. आढी तणसात, टोपली तणसात, पाहुण्यांना बांधून दिलेली पिशवीसुद्धा तणसात. मला ते दृश्य इतकं ओळखीचं होतं की ते मी पाहिलं असं म्हणता येत नाही. मी सील लावलं, खुणा केल्या, पाणी प्यायले आणि निघाले.

मंगळवारी पिशवी मीच उघडली. तणस बाजूला काढून फळांच्या कचऱ्याच्या वेगळ्या पिशवीत टाकलं. तेव्हाही काही वाटलं नाही. अशा तपासणीत फळ धूत नाहीत, कारण सालीवर जे आहे तेही मोजायचं असतं. कोय काढायची, सालीसकट बारीक करायचं, मोजून बंद बाटलीत घालायचं, त्यात पातळ अ‍ॅसिड सोडायचं, बाटली गरम करायची. फळात अडकलेला वायू बाटलीतल्या हवेत येतो. ती हवा यंत्रात जाते आणि पडद्यावर आलेख उमटतो. वायू असेल तर ठरलेल्या जागी रेघ वर चढते.

रेघ चढली. इतकी चढली की मला आधी यंत्राची शंका आली. मी फळ न घातलेली कोरी बाटली लावली, ती स्वच्छ आली. यंत्र ठीक होतं. तीन बाटल्यांचे आकडे मात्र एकमेकांशी जुळत नव्हते. एक खूप, दुसरा त्याहून बराच कमी, तिसरा मधेच. तीनही मर्यादेच्या वर. आकडे जुळत नसतील तर थांबून कारण शोधायचं असतं. हे मी नव्या मुलींना शिकवते. पण फळं वेगवेगळ्या पेट्यांतली होती, एखाद्या पेटीला धुरी जास्त लागली असेल, असं कारण माझ्याकडे तयार होतं, आणि तीनही नापासच होते, मग जुळून तरी काय फरक पडणार होता. बुधवारी अकरा वाजता मी सही केली. अहवाल भाऊंना गेला, त्यांनी तो खरेदीदाराला पाठवला.

दुपारी त्यांचा फोन आला. मला आरडाओरडा अपेक्षित होता. तसा आवाज नव्हता.

"मॅडम, हे धुऊन-बिऊन जाते का?"

"नाही सांगता येणार. मी धुवा म्हणून सल्ला देऊ शकत नाही."

"ढोरायले टाकलं तर?"

"नका टाकू."

"मंग पुरून टाकतो. शुक्रवारी सकाळी खड्डा करतो. उघड्यावर टाकलं तर वासरं खातीन, पोरं उचलतीन."

मुंबईचा व्यापारी माल परत घेत नव्हता. पहिलीच गाडी होती. मी म्हटलं, वाईट वाटतं भाऊ. ते म्हणाले, तुमचं काय त्यात, तुम्ही जे होतं ते लिहिलं. फोन ठेवल्यावर मला स्वतःबद्दल बरं वाटलं, हे लिहायलाच हवं. कडक काम नीट केल्याचं समाधान.

अहवाल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तपासलेल्या नमुन्याचा उरलेला भाग टाकायचा असतो. ते काम आमच्या मावशी करतात. त्या नदीपलीकडच्या कारध्याच्या, घर मासेमारीचं. सकाळी घरचे वैनगंगेवरून येतात, मासळी विकायला बसतात आणि मावशी पूल ओलांडून आमच्याकडे येतात. त्यांची मुलगी एका राइस मिलमध्ये कामाला जाते. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात ती कचऱ्याची पिशवी, तिचं तोंड गच्च पिळलेलं.

"मॅडम, हे तणस फळाच्या संगं कुठून आलं?"

"पॅकिंगला होतं. टाका ना."

"टाकतो. पण याच्यात राख आहे."

"कसली राख?"

"गोळ्यायची होय. मिलमधी पोत्याखाली पडलेली राहते, तशीच. माही पोरगी ओढणीले लावून आणते कधी. मी आंगणातच झटकायले लावतो, घरात नाही येऊ देत."

मी पिशवी घेतली. हातमोजे घातले, तणस वायू खेचणाऱ्या पंख्याखाली पांढऱ्या ट्रेवर पसरलं. काड्यांच्या मधे करडी पांढरट भुकटी होती, आणि भुकटीत डाळीच्या कण्यांएवढे दोन-तीन खडे. गोळी पूर्ण झिजली की राख निरुपद्रवी होते, पण अशा खड्यांत आत औषध शिल्लक असू शकतं. हवेत ते हळूहळू सुटतं. अ‍ॅसिडमध्ये एका क्षणात. मी त्या फळांना चिकटलेली भुकटी सालीसकट वाटून अ‍ॅसिडमध्ये टाकली होती. एका बाटलीत जास्त गेली, दुसरीत कमी. म्हणून आकडे जुळत नव्हते.

किंवा तसं नव्हतं. फळांतही धुरीचा अंश असू शकत होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत होतं.

मी खुर्चीत बसले. वहिनी गोदामात गेल्या होत्या, हे आता मला स्वच्छ दिसत होतं. धानाच्या पोत्यांखाली जमिनीला लागू नये म्हणून तणस अंथरतात. त्यातली मूठ. एखादी बाहेरून आलेली मुलगी माझ्या जागी असती तर तिने हात मधे घातला असता, हे काय घालताय म्हणून. मी तोंड उघडं धरलं होतं.

"मावशी, हे कोणाला सांगितलं?"

"कोणाले सांगू? तुमचं टेबल पहिलं लागते."

आमच्या सरांना नागपुरात फोन लावला. ते बैठकीत होते, बाहेर येऊन बोलले. "लगेच अहवाल मागे घेऊ नका. राखीव पिशवी लावा. जे येईल ते हातात धरून बोला. आपण रोज एक सांगतो असं होऊ नये." सल्ला बरोबर होता. माझाही नियम तोच, कागदाआधी तोंडी निकाल द्यायचा नाही. भाऊंना मी फोन केला नाही. खड्डा शुक्रवारी सकाळी होता, माझ्याकडे पूर्ण दिवस होता.

राखीव पिशवी थंड कपाटातून काढली. सील पाहिलं, सह्या पाहिल्या, फोटो घेतला. पिशवीत एक काडीसुद्धा नव्हती, मी भिंग लावून पाहिलं. यादी घेऊन बसले आणि प्रत्येक पायरीला मावशींना शेजारी उभं केलं.

"मी काय पाहू?"

"मी काही वेगळं करते का ते."

"मले काय समजते त्यातलं."

"तणस समजलं ना. तसंच काही दिसलं तर बोला."

त्या खरंच डोळे फाडून पाहत राहिल्या. एकदा म्हणाल्या, पदर वर घ्या, टेबलाले लागून राहिला. मी पदर खोचला.

यंत्राला एका बाटलीला लागतो तेवढा वेळ लागतो, त्यात घाई करता येत नाही. कोरी, मग वायूचं प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या, मग पहिली, दुसरी, तिसरी. मी पडद्यासमोर बसले होते. त्या वेळात माझ्या मनात जे चाललं होतं ते मी नंतर कोणाला सांगितलं नाही. मला वाटत होतं की रेघ चढावी. फळांत विष सापडावं. म्हणजे पहिला अहवाल खरा ठरेल, तणस ही नुसती भर होती असं होईल, खड्डा योग्य ठरेल आणि माझी सही तशीच राहील. एका माणसाची पूर्ण गाडी मातीत जावी म्हणून मी वाट पाहत होते. मी उठून तोंडावर पाणी मारलं, परत येऊन बसले, तरी ते जाईना.

पहिली बाटली: रेघ सपाट. दुसरी सपाट. तिसरी सपाट. मी चौथी लावली, यादीत नसलेली. तीही सपाट.

"काही नाही दिसून राहिलं," मावशी म्हणाल्या.

"काही नाहीच आहे."

"मंग चांगलं झालं ना?"

मी हो म्हटलं. दोन वाजत आले होते. दुसरा अहवाल छापला, पहिला रद्द केल्याचं पत्र छापलं आणि भाऊंना फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. वहिनींचा नंबर माझ्याकडे नव्हता. घेण्याचं कलम यादीत नव्हतं. सात वेळा फोन केल्यावर मी गाडीची किल्ली घेतली. खड्डा उद्या आहे, मी स्वतःला सांगत होते, उद्या सकाळीही जाता येईल. पण माझ्या खात्रीवर आता माझाच विश्वास राहिला नव्हता.

मोहाडीपर्यंत रस्ता मोकळा होता. तुमसरच्या आधी रेल्वेचं फाटक लागलेलं. पुढे चिखल्याच्या खाणीकडून आलेले मँगनीजचे ट्रक ओळीने उभे, ड्रायव्हर खाली उतरून सावलीला बसलेले. मी काच खाली केली आणि विचारलं किती वेळ. एक जण म्हणाला, मालगाडी आहे, ताई, आपल्याले विचारून नाही येत. फाटकाशी मी आणखी चार वेळा फोन केला. मनात एक वेगळीच यादी सुरू होती. भाऊ म्हणतील काय. खरेदीदाराला पहिला अहवाल गेलेला, तो दुसरा मानेल काय. मागच्या वर्षभरात तणस किंवा पोतं लागलेला आणखी एखादा नमुना माझ्या हाताखालून गेला असेल काय. हा शेवटचा प्रश्न मी पुन्हा पुन्हा विचारत होते. फाटक उघडलं ते मागच्या ट्रकने हॉर्न देईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

शीतखोलीचं दार सताड उघडं होतं. आत कोणी नव्हतं आणि अर्ध्याहून कमी पेट्या राहिल्या होत्या. मी शेताच्या दिशेने जवळजवळ पळत गेले. बांधाच्या पलीकडे खड्डा होता. चार माणसं पेट्या आणून ओतत होती, भाऊ कमरेवर हात ठेवून उभे होते. खड्ड्याच्या तळाशी हिरवी फळं साचलेली, काही उन्हात चमकत होती. माती अजून टाकली नव्हती.

"थांबवा," मी म्हटलं. "भाऊ, थांबवा हे."

"मॅडम? तुम्ही काहून आल्या? फोन करायचा होता."

"अकरा वेळा केला."

"फोन घरी, चार्जिंगले." ते माझ्याकडे बघत राहिले. "ही माणसं उद्यापासून उन्हाळी धानाच्या कापणीले जाणार. म्हणून आजच बोलावलं."

एक माणूस डोक्यावर पेटी घेऊन मधेच थांबला होता. "भाऊ, टाकू का ठेवू? मान दुखून राहिली."

"ठेव."

मी सांगितलं. अहवाल चुकला होता, फळांत काही नाही, राखीव पिशवी तपासली, हा कागद. भाऊंनी कागद घेतला, उन्हात डोळे बारीक करून पूर्ण वाचला. मग खिशातून घडी केलेला बुधवारचा कागद काढला. दोन्ही शेजारी धरले.

"दोन्हीवर सही तुमचीच आहे."

"माझीच."

"काल लिहून दिलं विष आहे. आज लिहून देऊन राहिल्या, नाही आहे. फळ तर तेच होय जी. मग बदललं काय?"

"पहिल्या पिशवीत तणस होतं. गोदामातलं. त्यात गोळ्यांची राख होती."

वहिनी माणसांसाठी पाण्याची कळशी घेऊन आल्या होत्या. त्यांनी कळशी खाली ठेवली.

"म्हणजे मी केलं हे."

"पिशवीचं तोंड मी उघडं धरलं होतं, वहिनी."

"मग तुम्ही नाही म्हणायचं ना. मले काय माहीत तुमची तपासणी कशी राहते? तुम्ही शिकलेल्या. मी तर दबून नाही जावं म्हणून घातलं."

"मला ते वेगळं वाटलंच नाही. आमच्या घरी पण आंब्याला..."

"आंब्याले घालतेच ना," त्या म्हणाल्या. मग खड्ड्याच्या काठाशी गेल्या. तिथून म्हणाल्या, "दोघींनी मिळून केलं मग."

भाऊ हसले नाहीत. "मी कोणता कागद खरा मानायचा ते सांगा. हा म्हणते पुर, हा म्हणते विक. उद्या तिसरा येईल तो काय म्हणन?"

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. पण तो साधा प्रश्न होता.

"माझा कोणताच मानू नका," मी म्हटलं. "राहिलेल्या पेट्यांतून तुम्ही स्वतः नमुना काढा, मी फक्त सील देते. नागपूरच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत मी आज नेऊन देते. आमचा तिथं काही संबंध नाही. त्यांचा येईल तो धरा."

"अन् त्यांचा पण विषाचा आला तर?"

"तर पुरा."

त्यांनी दोन्ही कागद घडी करून खिशात ठेवले. पेटीवाला माणूस सावलीला जाऊन बसला आणि दुसऱ्याला म्हणाला, सकाळपासून टाका म्हणते, आता काढा म्हणन. भाऊ म्हणाले, खड्ड्यातलं राहू द्या, ते आता ठेचलं. बाकीचं परत आत न्या.

नमुना शीतखोलीतच काढला. भाऊंनी हात साबणाने धुतले, पेट्या त्यांनी निवडल्या, फळं त्यांनी टाकली. वहिनी दारात दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या होत्या. पिशवीला सील लावताना माझी बोटं पुन्हा गारठली, पण या वेळी मी बाहेर आले नाही.

नागपूरला पोचेपर्यंत त्यांची स्वीकारण्याची वेळ संपत आली होती. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, पाठवणाऱ्याचं नाव काय लिहू, तुमच्या प्रयोगशाळेचं की मालकाचं? मी म्हटलं, मालकाचं. तिने मला ओळखलं होतं, दोघी एका प्रशिक्षणाला होतो. काही विचारलं नाही. मला तिच्या न विचारण्याचा त्रास झाला.

निकालाला तीन दिवस लागणार होते. रद्द केल्याच्या पत्रात कारणाची जागा असते. सरांनी सुचवलं, नमुन्यात बाह्य पदार्थ मिसळला असं लिहा, पुरेसं आहे. ते खोटं नव्हतं. मी लिहिलं की नमुना घेताना पिशवीत गोदामातलं तणस घालू दिलं, घेणारी मी, आणि तीन बाटल्यांचे आकडे जुळत नसतानाही सही केली. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पुढे पाठवलं. त्या तीन दिवसांत मी वर्षभराच्या नमुन्यांच्या नोंदी काढल्या. कशात काय गुंडाळून आलं होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. जिथे आकडे आपापसात जुळत नव्हते तेवढे वेगळे केले. ते थोडे होते, आणि सगळे तांदळाचे. पण ज्यांचे जुळत होते त्यांच्याबद्दल मला काहीच कळण्याचा मार्ग नव्हता. तो आजही नाही.

रोज दुपारी मला भाऊंच्या शीतखोलीतली फळं आठवत. अ‍ॅव्होकाडो थंडीतही हळूहळू मऊ होत जातो. निकाल स्वच्छ आला पण उशिरा आला, तर त्याचा काय उपयोग. निकाल वाईट आला तर मी विषारी माल मोकळा सोडायला निघाले होते, आणि राखीव पिशवीतही माझी मला न दिसलेली काहीतरी चूक झाली होती, असं ठरणार होतं. मी मावशींना दोनदा विचारलं, त्या दिवशी मी काही वेगळं केलं नव्हतं ना? दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचा पदर सोडून काहीच नाही. आता जेवा."

चौथ्या दिवशी सकाळी भाऊंकडून एक फोटो आला. सोबत शब्द नव्हता. दुसऱ्या प्रयोगशाळेचा कागद, शिक्का, आणि निकालाच्या रकान्यात: आढळले नाही. मी तो मोठा करून दोनदा वाचला, नमुना क्रमांक माझ्या सीलच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. मग दार लावून थोडा वेळ बसले.

मी फोन केला नाही. त्यांनीच संध्याकाळी केला. मागे पेट्या सरकवल्याचा आवाज येत होता.

"नागपूरवाले घेऊन चालले. आधी नाही म्हणत होते. तुमचं रद्दचं पत्र दाखवलं तेव्हा ऐकले. असं लिहून देते का कोणी, विचारून राहिले होते."

"माल चांगला आहे अजून?"

"दोन दिवस उशीर झाला असता तर नसता राहिला. खड्ड्यातला सोडून सगळा गेला."

 वहिनी मागून काहीतरी म्हणाल्या, पेट्यांच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.

"पुढची गाडी जूनच्या आधी येईन," ते म्हणाले. "आली की तपासायले देईन."

"बरं," मी म्हटलं.

कोणाला देणार, मला की नागपूरच्या प्रयोगशाळेला, हे ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.